सोसायटीच्या गच्चीवर सौर प्रकल्प: कोटेशनच्या आधी काय काय करायचं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्या सौर प्रकल्पाचं काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी कोटेशन मागवतात, त्यावर दोन महिने चर्चा होते, मग घाईघाईत ठराव होतो. अर्ज भरायला बसल्यावर कळतं की कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर आहे. काम तिथेच अडकतं, कोटेशनची मुदत संपते, उत्साही कमिटी बदलते आणि फाइल कपाटात जाते. पैसे नाहीत म्हणून अडलेल्या सोसायट्या त्यामानाने कमी. क्रम चुकल्यामुळे अडलेल्याच जास्त. म्हणून हा लेख क्रमावर आहे.

इथे विषय सामाईक विजेचा आहे: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, आवारातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग. प्रत्येक फ्लॅटच्या घरच्या बिलाचा प्रश्न वेगळा आहे. तो टप्पा ४ मध्ये येईल.

## आकडे आधी नीट समजून घ्या

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. सभेत हमखास कुणीतरी ७८,००० रुपयांचा आकडा सांगतं. तो एका घराच्या वैयक्तिक प्रकल्पाचा आहे, ३ किलोवॅट आणि त्यापुढे मिळणारी कमाल रक्कम. सोसायटीला सामाईक वापरासाठी मिळतात किलोवॅटमागे १८,००० रुपये. त्याला दोन मर्यादा आहेत: एकूण ५०० किलोवॅट आणि घरटी ३ किलोवॅट. त्याच इमारतीत कुणी स्वतःसाठी वैयक्तिक प्रकल्प बसवला असेल, तर तोही या मर्यादेत मोजला जातो.

अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेलं हवं आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले हवेत. बसवणारा विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा. यातलं एक जरी चुकलं तरी प्रकल्प चालेल, अनुदान मात्र मिळणार नाही.

राज्य सरकारची 'स्मार्ट' योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. सोसायटीच्या कॉमन मीटरशी तिचा संबंध नाही. सभेत दोन्ही योजनांची सरमिसळ होऊ देऊ नका.

## टप्पा १: मीटर आणि बिलं

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त कामं अडतात तीही इथेच.

मीटररूममध्ये जा आणि प्रत्येक कॉमन मीटरचा ग्राहक क्रमांक उतरवून घ्या. लिफ्टचा मीटर वेगळा, पंपाचा वेगळा, दोन विंग असतील तर चार मीटर, असं चित्र नेहमीचं आहे. प्रत्येक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एका वहीत हे लिहा:

१. बिलावरचं नाव
२. मंजूर भार किती किलोवॅट
३. सिंगल फेज की थ्री फेज
४. दर महिन्याचे युनिट
५. थकबाकी किंवा वादातली रक्कम

नाव बिल्डरचं असेल तर नावबदलाचा अर्ज आजच करा. नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी ही कागदपत्रं हाताशी ठेवा. नाव बदलेपर्यंत सौर प्रकल्पाचा अर्ज करू नका. ग्राहक, अर्जदार आणि बँक खातं या तिन्ही जागी सोसायटीचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. एका कागदावर 'को-ऑप.' आणि दुसऱ्यावर 'सहकारी' असेल तर तेवढ्यावरूनही अर्ज परत येऊ शकतो.

मग मंजूर भार. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करून बिल काढण्याच्या पद्धतीत, प्रकल्पाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त धरता येत नाही. मीटर १० किलोवॅटचा आणि प्रकल्प २४ किलोवॅटचा करायचा असेल, तर आधी भार वाढवून घ्यायला हवा. त्यासाठी जादा अनामत भरावी लागते आणि स्थिर आकारही बदलू शकतो, तो खर्च गणितात धरा. नौपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारतींत कॉमन मीटर बऱ्याचदा सिंगल फेज असतो. तिथे थ्री फेजचा प्रश्न आधी सोडवा.

मीटर एकापेक्षा जास्त असतील तर ज्याचा वापर सर्वांत मोठा, त्यावर प्रकल्प जोडा. सगळ्या मीटरांची बेरीज करून प्रकल्प काढायचा आणि तो एकाच छोट्या मीटरला जोडायचा, ही चूक फार महाग पडते. एका मीटरवर ढीगभर युनिट साचतात आणि दुसऱ्या मीटरचं बिल तसंच येत राहतं. एका प्रकल्पाची वीज अनेक मीटरांवर वळती करायची असेल, म्हणजे समूह नेट मीटरिंग हवं असेल, तर सध्या लागू नियमांत ते तुमच्या मीटरांना कसं मिळेल हे महावितरणच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारा. उत्तरही लेखी घ्या. प्रकल्पाची सगळी रचना त्या उत्तरावर ठरते.

ठाणे आणि वाशी ही दोन्ही मंडळं महावितरणच्या भांडुप परिमंडळात येतात. कळवा, मुंब्रा, शीळ इथे मार्च २०२० पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी काम पाहते. तिथल्या सोसायट्यांनी अर्जाचा पाठपुरावा नेमका कोणत्या कार्यालयात करायचा हे आधीच विचारून ठेवावं.

तपासा: बिलावर सोसायटीचं नाव, पुरेसा मंजूर भार, शून्य थकबाकी. यातलं एक जरी कमी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: गच्ची

ढोबळ हिशेब असा की १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. खरी गोष्ट 'सावलीविरहित' या शब्दात आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरची गच्ची कागदावर मोठी दिसते. त्यातून लिफ्टची मशीनरूम, पाण्याच्या टाक्या, सोलर वॉटर हीटर, डिश आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केली की निम्मी जागासुद्धा उरत नाही.

सावली कधी पाहता हे महत्त्वाचं. मे महिन्यात दुपारी सूर्य ठाण्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो, सावल्या पायाशी येतात आणि सगळी गच्ची मोकळी वाटते. २१ डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवर असतो. म्हणजे दहा फूट उंच मशीनरूमची सावली उत्तरेला नऊ फुटांपेक्षा लांब पडते. सकाळी नऊ आणि दुपारी तीनला ती आणखी लांबते. डिसेंबरात खडूने गच्चीवर सावल्या आखून घ्या. डिसेंबर दूर असेल तर विक्रेत्याकडून त्या दिवसाचा सावलीचा नकाशा मागा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावली त्या रांगेतल्या बाकीच्या पॅनेलांचंही उत्पादन खाली ओढते.

आता इमारतीची ताकद. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते झालेलं नसेल तर आधी करून घ्या. झालं असेल तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून या प्रकल्पासाठी वेगळं पत्र घ्या. सर्वसाधारणपणे चिंता पॅनेलच्या वजनाची केली जाते. जास्त धोका वाऱ्याच्या उचलीचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर धरला आहे, आणि इमारतीची उंची वाढते तसा हिशेबातला वेगही वाढतो. सांगाडा या वेगासाठी काढला आहे असं इंजिनिअरच्या सहीने लिहून घ्या. 'आम्ही नेहमी असंच लावतो' हे उत्तर चालणार नाही. खाली माणसं राहतात, मुलं खेळतात.

वॉटरप्रूफिंगची हमी चालू असेल तर स्लॅबला एकही भोक पाडू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे वरून ठेवून त्यांवर सांगाडा उभा करता येतो. मात्र त्या ठोकळ्यांचं वजन इंजिनिअरच्या पत्रात धरलेलं हवं. वॉटरप्रूफिंग दोन-तीन वर्षांत करायचंच असेल तर ते आधी उरका. पावसाळ्यासाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडवर पॅनेल लावायचा विचार असेल, तर त्या शेडला महापालिकेची परवानगी आहे का, आणि तिचे खांब हे ओझं पेलतील का, हे दोन्ही पाहा. परवानगी नसलेल्या शेडवर लाखोंचा प्रकल्प उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावधान: पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर थांबा. पाच वर्षांत इमारत पाडली जाणार असेल तर प्रकल्पाचा पैसा वसूल व्हायच्या आत तो उतरवावा लागेल.

गच्चीचा काही भाग कुणाच्या खास वापरात असेल किंवा बिल्डर हक्क सांगत असेल, तर तो वाद कागदावर मिटल्याशिवाय त्या भागाची मोजणी करू नका.

## टप्पा ३: किती किलोवॅट?

इथे जागेवरून नव्हे, बिलावरून सुरुवात करा. समजा ६० फ्लॅटची सोसायटी आहे आणि एका कॉमन मीटरवर वर्षाला ३६,००० युनिट लागतात. आपल्याकडे १ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात असं धरलं तर वर्षाला १,४४० युनिट होतात. भागाकार केला की २५ किलोवॅट येतात. मी २२ ते २४ घेईन. २४ किलोवॅटला जागा लागेल २,४०० चौरस फूट आणि अनुदान होईल ४,३२,००० रुपये.

पुरे २५ का नाही? वर्षभरात जमा झालेले युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी खातं पुन्हा शून्यावर येतं. उरलेल्या युनिटांचा मिळणारा दर तुम्ही भरत असलेल्या दरापेक्षा बराच कमी असतो. जास्तीचा किलोवॅट बसवून फायदा होत नाही.

सरासरी हा शब्द सभेत दोनदा सांगा. मार्च ते मे उत्पादन भरपूर असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकणच्या पावसात ते चांगलंच घसरतं. पहिल्या पावसाळ्यात बिल वाढलं की प्रकल्प बिघडल्याची हाकाटी होते, तिचं मूळ इथे असतं.

विजेच्या वेळा हाही आता गणिताचा भाग झाला आहे. जुलै २०२५ पासून महावितरणने टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत दिली आहे. दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, या दिशेने दररचना चालली आहे. त्यामुळे तयार होणारी वीज तेव्हाच्या तेव्हा वापरणं सगळ्यात फायद्याचं. लिफ्टचा वापर तुम्हाला हलवता येणार नाही, पंपाचा येतो. बहुतेक सोसायट्यांत वरच्या टाक्या पहाटे आणि रात्री भरतात, कारण वॉचमनला तशीच सवय आहे. तळटाकीत पाणी असेल तर पंप सकाळी अकरा ते दुपारी तीनमध्ये चालवा. याला एक पैसाही लागत नाही.

## टप्पा ४: सभा, ठराव, पैसे

विषयपत्रिकेवर 'सौर प्रकल्पाबाबत चर्चा' एवढंच लिहू नका. चर्चेच्या विषयावर खर्चाचा निर्णय घेतला तर तो आव्हानाला मोकळा राहतो. क्षमता, अंदाजे खर्चाची वरची मर्यादा, पैसा कुठून येणार, अर्जावर सही कोण करणार, हे सगळं विषयातच लिहा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी द्यायची असते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतेच. तिथे ठराव झाला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने कामाला मिळतात.

सभेत पहिला प्रश्न येतो: 'आमच्या घरचं बिल कमी होणार का?' उत्तर सरळ द्या. नाही. कॉमन मीटरवरचा प्रकल्प मेंटेनन्समधला सामाईक विजेचा भाग कमी करतो. गच्चीवरच्या एका प्रकल्पाची वीज वेगवेगळ्या फ्लॅटच्या बिलांत वाटणारी पद्धत म्हणजे आभासी नेट मीटरिंग. केंद्राच्या योजनेत तिला जागा आहे. पण टॉवरच्या गच्चीवर शे-दोनशे घरांना पुरेल एवढी जागा नसते, त्यामुळे सामाईक वापर भागल्यावरच त्याचा विचार करा.

दुसरा प्रश्न: 'लाइट गेली तर लिफ्ट चालेल?' तीही नाही. ग्रिड बंद झालं की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेचं एसी करून ती ग्रिडला जोडणारं यंत्र, बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर नव्हे) सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. जनरेटर विकू नका.

पैशाच्या बाबतीत एक आग्रहाची सूचना. सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या बांधकामासाठी आहे आणि त्याच्या वापराला वेगळ्या अटी आहेत. वर्गणी, शिल्लक निधी किंवा बँकेचं कर्ज, यातलं काय वापरायचं ते ठरावात लिहा. कंपनी स्वतःच्या पैशाने प्रकल्प लावते आणि तुम्ही युनिटमागे दर देता, असाही मार्ग आहे. तो घ्यायचा असेल तर कराराची वर्षं, दरवर्षीची दरवाढ आणि मध्येच प्रकल्प विकत घेण्याची किंमत, ही तीन कलमं वकिलाला दाखवा. अशा करारांची मुदत पंधरा-वीस वर्षं असते, तोपर्यंत चार कमिट्या बदललेल्या असतील.

तपासा: ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, सूचक-अनुमोदकांची नावं आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र फाइलला लागलं का?

## टप्पा ५: आता कोटेशन

तीन विक्रेत्यांना एकच छापील तक्ता द्या आणि तोच भरून मागा. प्रत्येकाने आपल्या पद्धतीने दिलेल्या कोटेशनांची तुलना होत नाही. तक्त्यात हे हवं:

- पॅनेलची कंपनी, वॅट, संख्या आणि सेल भारतीय असल्याचं प्रमाणपत्र
- इन्व्हर्टरची क्षमता आणि हमीची वर्षं
- सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, आहे का (खाडीच्या खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंड टिकत नाही)
- वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारा) आणि डीसी, एसी, वीजरोधक यांचं स्वतंत्र अर्थिंग
- पहिल्या पाच वर्षांची देखभाल, वर्षातून किती भेटी
- वर्षाला किमान किती युनिट मिळतील याची लेखी हमी

किंमत अनुदान न वजा करता लिहून घ्या. अनुदान सोसायटीच्या खात्यात जमा होतं, त्यामुळे 'अनुदान आमच्यावर सोडा, उरलेले द्या' या बोलीला होकार देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर नवं मागा.

आणखी एक बारकावा. अनुदानासाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी, ती धरली जाते. २४ किलोवॅटची पॅनेल आणि २० किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर अनुदान २० चं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि किमान १० टक्के रक्कम नेट मीटर लागून पहिलं बरोबर बिल येईपर्यंत राखून ठेवा.

## टप्पा ६: अर्ज

राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी करा आणि तिथूनच अर्ज करा. अर्ज मंजूर होण्याआधी माल गच्चीवर चढवू नका. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल सोसायटीचा ठेवा. विक्रेत्याच्या मोबाइलवर नोंदणी केली तर पुढे प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं.

२०२४ मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची गरज नाही. त्यापुढच्या अर्जाची तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी, नाही झाली तर प्रस्ताव मान्य धरला जातो. हा नियम माहीत असला की पत्र लिहिताना फरक पडतो. सोळाव्या दिवशी अर्जाचा क्रमांक आणि तारीख टाकून लेखी विचारणा करा, पोच घ्या. मोठ्या प्रकल्पाला विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते का, हे याच वेळी विचारून ठेवा.

## टप्पा ७: काम सुरू असताना

कमिटीतल्या दोघांनी आलटून पालटून रोज गच्चीवर जावं. माल आला की पॅनेलच्या मागचे अनुक्रमांक यादीशी जुळवून पाहा आणि फोटो काढा. पुढे अनुदानासाठी हेच क्रमांक लागतात. रांगांमध्ये माणूस चालू शकेल एवढी वाट ठेवा. अग्निशमनाचा पाइप, टाकीचं झाकण, गच्चीचं दार यांच्यासमोर एकही पॅनेल येता कामा नये. पावसाच्या पाण्याच्या जाळ्या झाकल्या जात नाहीत ना, हे सांगाडा उभा राहतानाच बघा. नंतर तो हलत नाही.

## टप्पा ८: नेट मीटर, पहिली बिलं, अनुदान

तपासणी होऊन नेट मीटर लागला की त्याच दिवशी सुरुवातीच्या रीडिंगचा फोटो काढा: घेतलेले युनिट, दिलेले युनिट, तयार झालेले युनिट. पहिलं बिल आलं की हेच तीन आकडे शोधा. कधी मीटर बदललेला असतो पण बिलिंगमध्ये त्याची नोंद झालेली नसते, मग दिलेले युनिट बिलात दिसतच नाहीत. दोन महिने वाट पाहू नका, पहिल्याच बिलावर तक्रार करा.

बिल शून्य येणार नाही. स्थिर आकार राहतोच.

प्रकल्प सुरू झाल्याची नोंद पोर्टलवर दिसली की सोसायटीच्या खात्याचा तपशील भरून अनुदानाची मागणी करा. हे आपोआप होत नाही.

तक्रार आधी १९१२ वर नोंदवा आणि क्रमांक घ्या. तिथे न सुटल्यास अंतर्गत तक्रार कक्ष, त्यापुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यापुढे विद्युत लोकपाल. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची पोच लागते.

## टप्पा ९: देखभाल

पॅनेल दर पंधरा दिवसांनी पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. घोडबंदर पट्ट्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग धरतात. त्या पाण्याने धुतल्यावर लगेच रबरी वायपर फिरवा. ठाणे-बेलापूर पट्ट्याजवळ धुळीचा थर लवकर बसतो, तिथे आठवड्याने धुवा. कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात, कडेने जाळी पहिल्याच महिन्यात लावून टाका.

महिन्याच्या ठरलेल्या तारखेला इन्व्हर्टरवरचे युनिट वहीत लिहा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी आले तर विक्रेत्याला बोलवा. दर पावसाळ्याआधी नट-बोल्ट आवळून अर्थिंग मोजून घ्या. वाचलेल्या पैशातून दरवर्षी थोडी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, कारण पॅनेलच्या आधी इन्व्हर्टर बदलावा लागतो. ही वही आणि करारांची फाइल नव्या कमिटीकडे सही घेऊन सोपवा.